वरून घातलेलं तेल

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या नसा असतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा माझी एक बंद पडली होती. ती डॉक्टरांनी जाळीची नळी घालून उघडली. दुसरी अर्धीमुर्धी चोंदलेली होती. पडद्यावर तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिला आज हात लावत नाही. तीन महिने देतो. वजन आणि रक्तातली चरबी खाली आली तर गोळ्यांवर भागेल. नहीं तो यहीं मिलेंगे, इसी टेबल पर."

त्या टेबलावर मी कसा शांत पडून होतो, डॉक्टरांशी क्रिकेटवर गप्पा कशा मारल्या, हे मी पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाला रंगवून सांगितलं. त्यातले निम्मे समोसे घेऊन आले होते, म्हणून गोष्ट लांबवावी लागे. खरं एवढंच आहे की त्या थंडगार खोलीत मी रडलो होतो आणि एका नर्सने माझं नाक पुसलं होतं. हे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे. तेव्हा काय वाट्टेल ते करावं, पण पुन्हा त्या टेबलावर जायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं.

काय वाट्टेल ते करायची वेळ आठवडाभरातच आली. दवाखान्याने आम्हाला एक आहारतज्ज्ञ मॅडम दिल्या. दिल्या म्हणजे फोनमध्ये दिल्या. त्या दूर कुठल्याशा शहरात बसून देशभरातल्या हृदयरोग्यांची ताटं सुधारत होत्या. दर सोमवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. शिवाय रोजच्या प्रत्येक जेवणाचा फोटो पाठवायचा, आठवड्याला वजन कळवायचं, आणि आम्हा साठ-सत्तर मरीजांचा एक ग्रुप होता, त्यात एकमेकांना टाळ्या वाजवायच्या. ज्याचं ताट चांगलं त्याला मॅडम एक पिवळी चांदणी द्यायच्या. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी कारखान्याचा मालक, कोणी माजी प्राचार्य. आणि सगळे दुधीच्या फोटोवर चांदणी मिळावी म्हणून सकाळपासून ताटकळत बसलेले. असा वर्ग मी पाचवीनंतर पाहिला नव्हता.

पहिल्या कॉलला आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घरी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असावा तशी तयारी झाली. मुलीने फोन पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. बायको इस्त्रीची साडी नेसून बसली. मॅडम निघाल्या माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. गोड हसून त्यांनी विचारलं, "खाना कौन बनाता है?"

"मैं," बायको म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी मध्ये एकदा खोकलो. मुलगी म्हणाली, "पापा, आपसे नहीं पूछ रहे." आमची मुलगी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. लहानपणापासून तिला वाटतं की मराठी ही फक्त रागावण्याची भाषा आहे.

"महीने में कितना तेल लगता है, मॅडम?" आहारतज्ज्ञ मॅडमनी बायकोला विचारलं.

बायकोने स्वयंपाकघरातून तेलाची थैली आणून कॅमेऱ्यासमोर धरली. मॅडमनी ते निम्म्यावर आणायला सांगितलं. बायको म्हणाली, "हव." आणि आणलं. माझी बायको वर्ध्याकडची आहे. ती एखाद्या गोष्टीला हव, म्हणजे हो, म्हणाली की ती गोष्ट झाल्यातच जमा असते. दुसऱ्या दिवसापासून भाज्या पाण्यावर शिजू लागल्या. वांगं उकडलेलं, भेंडी उकडलेली, फोडणीत तीन मोहऱ्या, त्याही एकमेकींपासून लांब.

आता आमच्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. आम्ही विदर्भातून येऊन रायपुरात स्थिरावलेली माणसं. भाषेत हिंदी शिरली, मुलं हिंदी झाली, सणाला छत्तीसगढी फरा आणि ठेठरी आली, पण एक गोष्ट जशीच्या तशी राहिली. आमच्या जेवणात मीठ आणि लोणच्याच्या शेजारी एक लोटी असते. तिच्यात लाकडी घाणीचं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल असतं. हिंग, मोहरी, लाल मिरची तडतडवून. झुणका वाढला की त्यावर तेल. ठेच्यात तेल. भाकरी कुस्करली की तेल. हे वरून घातलेलं तेल. कढईत जातं ते तेल, आणि ताटात पडतं ती चव. कढईतलं तेल थैलीतून येतं, किराण्याच्या यादीत असतं. घाणीचं तेल मी स्वतः भनपुरीहून, कामावरून परत येताना डब्यात घेऊन येतो, जसं कोणी पान बांधून आणावं. त्यामुळे मॅडमनी तेल विचारलं तेव्हा बायकोने थैली दाखवली, आणि देवाशपथ खरं तेच दाखवलं.

भाज्या उकडायला लागल्यापासून मात्र त्या लोटीची कामं वाढली. पाण्यातलं वांगं घशाखाली उतरेना, म्हणून मी वरून थोडं तेल घ्यायचो. दुसऱ्या आठवड्यात थोडं जास्त. महिन्याच्या शेवटी वांगं दिसेनासं होईपर्यंत. लोटी रोज भरली जात होती आणि थैली कपाटात तशीच पडून होती. बायको मॅडमना सांगायची, "आधी से भी कम लगा इस महीने." मॅडम चांदणी द्यायच्या.

फोटो मुलगी काढायची. ताट वाढलं की पुढचं सगळं थांबायचं. नैवेद्यावर पाणी फिरेपर्यंत थांबतात तसं. ती खुर्चीवर चढून वरून फोटो काढायची, "हो गया" म्हणायची, आणि मग मी लोटीकडे हात न्यायचो. फोटो आधी आणि तेल नंतर, हे कोणी ठरवलं नव्हतं. तेल घातल्यावर हात तेलकट होतात, फोन कोण धरणार?

मला कळत नव्हतं का? कळत होतं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच लख्ख कळलं होतं. पण मॅडमनी मला कधी विचारलंच नव्हतं. आणि प्रश्न न विचारता उत्तर देणारा माणूस मी फक्त लग्नसमारंभात असतो.

मग वजनाची भानगड झाली. पाचव्या आठवड्यात घरच्या काट्याने ब्याऐंशीचे चौऱ्याऐंशी दाखवले. बायकोचा चेहरा उतरला. "एवढं उकडून राहिले मी, अन् वाढलं कसं?" तिने काट्याच्या सेलवर संशय घेतला. सेल बदलले. चौऱ्याऐंशीच.

इथे माझा धंदा कामाला आला. भनपुरीत माझा धरमकाटा आहे. मालाने भरलेले ट्रक येतात, लोखंडी फळीवर उभे राहतात, आणि मी आतून वजनाची पावती देतो. वीस वर्षं मी ट्रकवाल्यांच्या चलाख्या पाहतोय. रिकामा ट्रक जड दिसावा म्हणून टाकी पाण्याने भरून आणणारे, काट्यावरून उतरून पुढच्या वळणावर चार पोती वर टाकणारे. मला कोणी फसवू शकत नाही, हे भनपुरीत सगळे जाणतात. तर त्या सोमवारी सकाळी मी स्वतः त्या फळीच्या मधोमध उभा राहिलो आणि आतल्या माणसाला म्हटलं, "काट दे पावती." माझा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यांनी मोजतो, ट्रकाला तेवढं चालतं. पावतीवर छापून आलं: ऐंशी किलो. ती पावती मी मॅडमना पाठवली.

त्या दिवशीच्या कॉलवर मॅडमनी ती पाहिली. "सर, इसमें गाड़ी नंबर का कॉलम क्यों है?"

"आमच्याकडे मोठा काटा आहे," मी हिंदीत म्हणालो. "सरकारी शिक्का असलेला."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, प्रभावित झाल्या.

रविवारी बायकोने गोळाभात केला. हा आमचा राजा. डाळीच्या भरड्याचे तिखट-हळद घातलेले गोळे करायचे, भात शिजत आला की त्यावर ठेवून वाफवायचे, ताटात भातातच कुस्करायचे, आणि त्यावर हिंगाचं गरम तेल. कसं घालायचं याचं आमच्या घरात माप नाही. भात ‘पुरे’ म्हणेपर्यंत घालायचं, आणि आमचा भात स्वभावाने अबोल. फोटो नेहमीप्रमाणे आधी गेला: पांढराशुभ्र भात, चार पिवळे गोळे, शेजारी चिंचेचं सार.

मॅडम सोमवारी अक्षरशः खुर्चीत उडाल्या. "ये तो स्टीम किया हुआ है! दाल का प्रोटीन! और तेल?"

"भात में?" बायको म्हणाली. "एक बूँद नहीं."

खरंच नव्हतं. तिने गोळ्यात घालायचं मोहनसुद्धा बंद केलं होतं. मी पलीकडे तोंड करून खिडकीतून बाहेर पाहिलं. त्या आठवड्याचं सर्वोत्तम ताट म्हणून आमचा गोळाभात ग्रुपवर झळकला, कृतीसकट, आणि मॅडमनी सगळ्यांना करून बघायला सांगितलं. माझ्या बायकोचं शिक्षण बीएपर्यंत झालंय. तिच्या पदवीचा फोटो कुणी फ्रेम केला नाही. या ताटाचा तिने मुलीकडून रंगीत प्रिंट काढून घेतला.

बुधवारपर्यंत देशभर हृदयरोगी कोरडा गोळाभात गिळत होते. उत्तरेकडच्या प्राचार्यांनी लिहिलं, घशात अडकतो, पण मनोबल वाढतं. कोणी विचारलं, सोबत पाणी किती प्यावं? एका बाईंनी घरच्यांना जबरदस्ती खायला घातला आणि आता घरात कोणी बोलत नाही असं कळवलं. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत हे मोठ्याने वाचून दाखवायचो, आवाज बदलून, प्रत्येक पात्राची नक्कल करत. मुलगी हसून लोळायची. असे सुखाचे दिवस मी नळी घातल्यापासून पाहिले नव्हते.

गुरुवारी दुपारी ग्रुपवर एक आवाजी संदेश आला. पाठवणारे विदर्भातले एक निवृत्त रेल्वे गार्ड. आतापर्यंत त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी जेवून हात पुसत होतो, बायको समोर होती. तिनेच बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी. मी गोळाभाताचा फोटो पाहून राहिलो. अन् मले समजून नाही राहिलं का त्याच्यावर तेल कुठं गेलं? अरे बाप्पा, कोरडा गोळाभात कोणी खाते का? मले त पाहूनच ठसका लागला. ज्यानं हा फोटो काढला, त्यानं तेल घालायच्या आंधीच काढला, हे मी लिहून देतो. भाऊ, तू घालतो किती, ते सांग ना."

बायकोने तो संदेश पुन्हा वाजवला. एवढ्यात मॅडमचा प्रश्न आला. अंकल मराठीत बोललेत असं वाटतंय, रायपूरवाले सर, जरा सगळ्यांसाठी अनुवाद करून सांगाल का?

संकटात माझं डोकं फार चालतं. मी फोन हातात घेऊन तोंडाजवळ धरला आणि पडद्यावरच्या देवासारखा आवाज लावला: "मॅडम, अंकल बोल रहे हैं कि फोटो देखके उनकी आँख में आँसू आ गए. वो बोल रहे हैं, विदर्भ का नाम रोशन किया."

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. प्राचार्यांनी फुलं पाठवली.

बायको माझ्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग असता तर मी सहज निभावलं असतं. रागावर माझ्याकडे तीस वर्षांचा सराव आहे. ती हिशेब जुळवत होती. लोटीकडे पाहिलं. माझ्या ताटाकडे पाहिलं. ताटात तेलाचं तळं होतं, त्यात एक मिरची पोहत होती.

"हे तेल," ती हळू म्हणाली. "हे बी तेलच आहे नं."

"घाणीचं आहे. औषधासारखं."

"तुमाले माहीत होतं?"

मी म्हणालो, "मॅडमनं मले कुठं विचारलं?"

"मी रोज भाजी उकडून राहिली. पोट्टी हसते, मी खाते. तुमाले डॉक्टरनं पुन्हा नेऊ नये म्हणून. अन् तुमी वरून ओतून राहिले." तिचा आवाज चढला नाही. "भनपुरीत एखाद्या ट्रकवाल्यानं हेच केलं असतं त काय केलं असतं तुमी? वजन झाल्यावर वरून पोती टाकली असती त?"

मला उत्तर माहीत होतं. त्या ट्रकवाल्याला मी खाली उतरवून चार लोकांत उभा केला असता. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि मी कधी ऐकलं नव्हतं अशा शुद्ध हिंदीत बोलली: "मॅडम, अनुवाद ग़लत था. अंकल पूछ रहे हैं कि ऊपर का तेल कहाँ है. ऊपर से तेल डालते हैं. फोटो के बाद. ये मुझे अभी समझा. इनको पहले से मालूम था."

ग्रुपवर टाळ्या थांबल्या. पाठवलेली फुलं तशीच पडून होती. मग मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "सर, जैसे रोज़ डालते हैं, वैसे डालिए. थाली में नहीं, किसी नापने की चीज़ में."

बायकोने खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं. मी लोटी उचलली. एक टोपण, दोन, तीन. बायको वाटीत ओतत मोजत होती. मी पाचाला थांबलो. ती म्हणाली, "रोज पाचच घालता?" मी पुन्हा सुरू केलं. नऊ टोपणं. एका जेवणाची. ती वाटी तिने कॅमेऱ्यासमोर धरली, पूर्वी थैली धरली होती तशीच. मॅडम म्हणाल्या, आमच्या महिनाभराच्या थैलीपेक्षा मी लोटीतून जास्त घेत असणार.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न टाकला: वाढल्यानंतर ताटात वरून काय घालता? आणि मग, वाचकहो, गंगेला पूर आला. प्राचार्यांनी कबूल केलं की डाळीवर तुपाचा चमचा पडतो, चमचा मोठा आहे. गुजरातेतल्या काकूंनी खिचडीवर कच्चं तेल सांगितलं. दक्षिणेतला एक इंजिनिअर नारळाचं तेल कढईतलं नव्हे, ‘सुगंधासाठी’ वापरत होता. दूध-साखर तर चहात जाते, ती खाण्यात धरायची का, असं एकाने विचारलं. सगळा वर्ग चोर निघाला. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होतो. "बघ! मी एकटा नाही. अख्खा देश वरून घालून राहिला!"

बायको भांडी विसळत होती. "दुसऱ्याचं तेल मोजून तुमची नस उघडत नाही," ती म्हणाली.

उरले सहा आठवडे. नियम बदलले. आता ताटाचा फोटो नाही, चित्रफीत. वाढण्यापासून पहिल्या घासापर्यंत. माझ्या वाट्याला जेवणाला एक टोपण. उलट कढईत बायकोने थैलीतलं तेल थोडं वाढवलं, मॅडमच्याच सांगण्यावरून, म्हणजे भाजीला भाजीची चव यावी. हे आधी सुचलं असतं तर मला इतका अभिनय करावा लागला नसता, असं मी मॅडमना सुनावलं. त्या म्हणाल्या, "सर, आप बता देते तो सूझ जाता." या मुलीला मी उगीच गोड समजत होतो.

आणि वजन मी घरच्या काट्यावर करू लागलो. सेलसकट.

तीन महिने झाले त्या दिवशी दवाखान्यात बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर थांबलेल्या मरीजांना मी क्रिकेटच्या गप्पांची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, पण ती ऐकत नव्हती, म्हणून मलाही रंगवता येईना. आत डॉक्टरांनी कागद पाहिला. उलटून पाहिला. वजन चार किलोंनी उतरलं होतं. चरबी उतरली होती, पण त्यांना हवी तेवढी नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "इस बार टेबल नहीं. तीन महिने आणखी, हेच चालू ठेवा. पण हेच, बरं का."

"हेच म्हणजे कोणतं," बायकोने विचारलं, "पहिल्या सहा आठवड्यांचं का दुसऱ्या सहा आठवड्यांचं?" डॉक्टरांना काही समजलं नाही. मी त्यांचे हात धरून आभार मानले आणि तिला घाईने बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला पाणी आणून दिलं. त्या तीन महिन्यांत मी तिच्यासाठी केलेलं पहिलं काम तेच होतं, असं तिनेच नंतर सांगितलं. तपासून पाहिलं, खरं निघालं.

त्या रविवारी गोळाभात झाला. मुलगी खुर्चीवर चढून चित्रफीत घेत होती. मी माझं टोपण भरलं. शेजारी बायकोने स्वतःच्या ताटातले दोन गोळे नीट कुस्करले, लोटी उचलली, आणि भात पुरे म्हणेपर्यंत ओतलं. हिंगाचा वास सगळ्या घरभर गेला. चित्रफीत गेल्यावर दोन मिनिटांत मॅडमचा संदेश आला: "मॅडम की थाली में तेल बहुत ज़्यादा दिख रहा है."

बायकोने डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं: "मैं मरीज़ नहीं हूँ." आणि फोन पालथा ठेवून जेवायला लागली.

मी माझं टोपण भातावर उलटं धरलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच थांबलो.